बुधवारचा प्रेक्षक

चारुदत्त देवस्थळी सिंगापूरमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या फायनान्स विभागात काम करत होता. तरुणपणी पुण्याहून आला, काही वर्षं तांजोंग पगार भागातल्या एका ऑफिसात ऑडिटची कामं केली, पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळाल्यावर ही जरा शांत नोकरी धरली आणि मग तिथेच रुळला. २०१६ साली तो चोपन्न वर्षांचा होता. मुलगी गार्गी टोरांटोत नोकरी करत होती. बायको संजीवनी दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायूचा झटका आला म्हणून पुण्याला गेली, ती अजून तिथेच होती. सुरुवातीला दोघं रोज फोनवर बोलायची. मग एक दिवसाआड. आता रविवारी सकाळी, आईंची मालिश करणारी बाई आली की संजीवनीला जेवढा वेळ मिळेल तेवढं.

क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये तो एकटाच राहायचा. संध्याकाळी खालच्या हॉकर सेंटरच्या खाद्यगाळ्यांवरून थोसाई, म्हणजे तिथला डोसा, नाहीतर फ्राइड राइस बांधून आणायचा आणि टीव्ही लावून जेवायचा. शेजारचं म्हातारं चिनी जोडपं लिफ्टमध्ये भेटलं की मान हलवायचं. शनिवार-रविवारी महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असला तर पूर्वी दोघं जायची. एकट्याने जायला लागल्यावर प्रत्येकजण आधी संजीवनीची, मग तिच्या आईची चौकशी करायचा. ती झाली की बोलणं संपायचं. हळूहळू त्याने जाणंच सोडलं.

त्या वर्षी विद्यापीठाने खेळांवरचा खर्च कमी करायचं ठरवलं. तिसाच्या वर संघ होते, आणि प्रत्येकाला मैदानाचं भाडं, प्रशिक्षकाचं मानधन, बस, गणवेश हवेच होते. कोणाला किती द्यायचं याचं सूत्र तयार करण्याचं काम चारुदत्तकडे आलं. त्याने ते मन लावून केलं. पदकं किती, खेळाडू किती, माणशी खर्च किती आणि सामन्यांना प्रेक्षक किती, या चार गोष्टींवर त्याने गुण दिले. त्याची डायरेक्टर मिस ओंग सहसा कोणाचं कौतुक करायची नाही, पण हे सूत्र तिला आवडलं. कोणालाही समजावून सांगता येईल असं आहे, म्हणाली.

त्या सूत्रात मुलींचा हॉकी संघ सगळ्यात खाली गेला. टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानाचं, भाडं मोठं, गोलकीपरचं सामान महाग, पदक कित्येक वर्षांत नाही, आणि सामना बघायला कोणी येत नव्हतं. यादी पक्की करण्याआधी मिस ओंगने त्याला एक सामना बघून यायला सांगितलं. नुसतं खुर्चीत बसून ठरवलं असं उद्या कोणी म्हणायला नको.

म्हणून एका बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो टर्फवर गेला. सिमेंटच्या पायऱ्यांवर खरंच कोणी नव्हतं. विद्यापीठाच्या मुली एका क्लबच्या संघाशी खेळत होत्या आणि सपाटून हरत होत्या. चारुदत्तला हॉकी कळत होती. त्याचं लहानपण खडकीला, वडिलांच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये गेलं होतं आणि तिथल्या पोरांच्या हातात क्रिकेटच्या बॅटआधी हॉकीची स्टिक यायची. पाहता पाहता तो पुढे सरकून बसला. डाव्या बाजूची एक बुटकी मुलगी चेंडू स्टिकला चिकटल्यासारखा घेऊन निघाली, तेव्हा त्याच्या तोंडून नकळत "शाब्बास" गेलं. एवढ्या रिकाम्या जागेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. मुलीने वळून बघितलं.

मध्यंतरात आकाश भरून आलं आणि विजेच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. तिथल्या नियमाप्रमाणे सगळ्यांना मैदान सोडून आडोशाला यावं लागलं. दोन्ही संघ, प्रशिक्षक आणि चारुदत्त, सगळे कपडे बदलण्याच्या खोल्यांबाहेरच्या पडवीत उभे राहिले. बुटकी मुलगी संघाची कॅप्टन निघाली. नाव शार्मेन, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. डब्यातली संत्र्याची एक फोड पुढे करत तिने विचारलं, "अंकल, तुम्ही कोणाचे वडील?"

कोणाचा नाही, असं तो म्हणाला. इथेच जवळ ऑफिस आहे, लहानपणी हॉकी खेळायचो, सामना बघायला आलो. यातलं काहीच खोटं नव्हतं. प्रशिक्षक रहीम, पिकल्या मिशांचा मलाय माणूस, दिवसा कुठल्याशा शाळेत पीटी शिकवायचा. तो खडकीबद्दल विचारायला लागला. मातीच्या मैदानावर चेंडू कसा उसळायचा, हे चारुदत्त त्याला हातवारे करून सांगत बसला. किती तरी दिवसांत तो कोणाशी इतका वेळ बोलला नव्हता. वीज काही थांबली नाही आणि उरलेला सामना रद्द झाला. निघताना मागून शार्मेनने हाक मारली, "पुढच्या बुधवारी सराव आहे, अंकल. आमच्याकडे प्रेक्षक नाहीत, या ना."

दुसऱ्या दिवशी त्याने अहवाल पूर्ण केला. पुढच्या बुधवारी मात्र तो पुन्हा टर्फवर गेला. त्यानंतरच्याही. सरावाच्या दिवशी तो पायऱ्यांवर बसायचा, सामन्याच्या दिवशी रहीमच्या बाकाजवळ. एकदा तो रहीमला म्हणाला, गोलकीपर पोरगी रेषेवरच थांबते, तिला जरा पुढे यायला सांगून बघा. रहीमने तिला तसं सांगितलं, आणि त्या दिवशी तिने दोन गोल वाचवले. मुलींनी पायऱ्यांकडे बघून स्टिका उंचावल्या. चारुदत्तने हात वर केला आणि लगेच खाली घेतला. त्या रात्री जेवताना त्याने टीव्ही लावला नाही.

आपण कोण आहोत हे सांगायला हवं, असं त्याला प्रत्येक बुधवारी वाटायचं. पण सांगितल्यावर काय होईल हेही त्याला ठाऊक होतं. शेवटी तो मिस ओंगकडे गेला. हॉकीसाठी दुसऱ्या विद्यापीठाबरोबर टर्फ वाटून घेता येईल, म्हणजे निम्मा खर्च वाचेल, एक वर्ष देऊन बघू, असं त्याने सुचवलं. मिस ओंगने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही सूत्र केलंत, ते चांगलं होतं," ती म्हणाली. "हॉकीला सवलत दिली तर उद्या तलवारबाजीवाले येतील, परवा तिरंदाजीवाले. प्रत्येक संघ कोणाचा तरी लाडका असतोच, मिस्टर देवस्थळी."

तिचं चुकत नव्हतं. तो तिच्या जागी असता तर तेच म्हणाला असता. तो उठला.

संघांच्या कॅप्टनना निर्णय सांगण्यासाठी सभा ठरली तेव्हा मिस ओंग म्हणाली, आकडे तुमचे आहेत, तर तुम्हीच मांडा. सभेच्या खोलीत त्याने मान वर केली तर दुसऱ्या रांगेत शार्मेन बसली होती. तिने त्याला ओळखलं, आणि आधी ओळखीचं हसलीही. मग पडद्यावर त्याचं नाव आणि हुद्दा आला आणि ते हसू मावळलं. चारुदत्तने सगळं वाचून दाखवलं. आवाज कुठे अडखळला नाही. सहा संघांचा निधी बंद होणार होता. हॉकीच्या मुलींना चालू मोसम पुरा करता येणार होता, त्यानंतर टर्फ नाही आणि रहीमचं मानधनही नाही.

सभा संपली. बाकीचे बडबडत बाहेर पडले. शार्मेन थांबली.

"अंकल, तुम्ही मोजायला आला होता?"

"पहिल्या दिवशी," तो म्हणाला.

"आणि नंतर?"

"नंतर नाही."

ती पडद्याकडे बघत होती. पडदा आता कोराच होता. "प्रेक्षकांच्या रकान्यात आमच्यापुढे काय लिहिलंत?"

"शून्य."

"पण तुम्ही होतात ना," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिशेबातली चूक दाखवावी तसं ती बोलली, बॅग उचलली आणि निघून गेली.

त्या बुधवारी चारुदत्त टर्फवर गेला नाही. बसमधून उतरून थेट घरी आला, आणि इतक्या लवकर घरी येऊन काय करायचं हे त्याला कळेना. त्याने कपाटं आवरली. संजीवनीच्या साड्या एका बाजूला होत्या, त्यांची जागा बदलली, मग पुन्हा होत्या तिथे ठेवल्या. पुढचा बुधवारही तसाच गेला.

मोसमाचा शेवटचा सामना मार्चमध्ये होता. जावं की नाही यावर त्याने बराच विचार केला आणि सामना सुरू झाल्यावर गेला. पायऱ्या भरल्या होत्या. शार्मेनने होस्टेलची पोरं बोलावली होती, मुलींचे आईवडील आले होते, कोणाची तरी आजी चाकांच्या खुर्चीत होती. ढोल होता, कागदी पाट्या होत्या. चारुदत्तला बसायला जागा मिळाली नाही, म्हणून तो कुंपणापाशी उभा राहिला. मुली एका गोलने हरल्या, पण शेवटच्या मिनिटापर्यंत लढल्या. संपल्यावर सगळे मैदानात उतरले आणि त्या गर्दीत मिठ्या, फोटो, रडणं सुरू झालं. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. आणि कोणी का पाहावं, असं त्याला वाटलं.

तो निघाला तेव्हा रहीमने गाठलं. त्याचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला. त्याच्या मागून शार्मेन आली. गुडघ्याला खरचटलं होतं, डोळे लाल होते.

"दोन बुधवार आला नाहीत," ती म्हणाली.

"तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

"नव्हतंच आवडलं." तिने मनगटाने डोळे पुसले. "पण यायचं होतंत ना. निदान विचारायचं तरी. आम्ही सांगितलं असतं, या किंवा येऊ नका."

एवढं बोलून ती मैत्रिणींकडे परत गेली. तिथून तिने एकदा हात हलवला, त्याच्यासाठी की आणखी कोणासाठी, ते त्याला अंतरावरून कळलं नाही. जुलैत ती पदवी घेऊन बाहेर पडली. बाकीच्या मुलींतल्या दोघी-तिघी एका क्लबात गेल्या, बाकीच्यांनी स्टिका ठेवून दिल्या. रहीमला आता शाळेचीच मुलं होती.

पण हे सगळं नंतरचं. सामन्यानंतरच्या रविवारी संजीवनीचा नेहमीसारखा फोन आला. आईंचं औषध बदललंय, मालिशवाली आजकाल दांड्या मारते, गार्गीने फोटो पाठवलेत. तो हो-हो करत ऐकत होता. तिचं सांगून झालं, आणि दोघंही फोन ठेवण्यापूर्वी थांबतात तशी थांबली.

"संजू, तू कधी येणार आहेस?" त्याने विचारलं.

दोन वर्षांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं तर तिला तक्रार वाटेल, ओझं होईल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती.

पलीकडे आतून आईंचा खोकला ऐकू आला.

"आईला असं टाकून येता येणार नाही रे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मग का विचारलंस?"

"विचारायचं राहून गेलं होतं."

ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटायचं, तुला तिथे एकट्याला बरं वाटतंय. सवय झाली असेल."

"नाही झाली," चारुदत्त म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही. मालिशवाली कामं आटोपून गेली, आईंनी दोनदा हाक मारली, "आले, आले" म्हणत ती फोन कानाला धरूनच आत गेली. खोली ओलांडताना तिच्या चपलांचा आवाज, पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज, ती आईंना उठवून बसवताना त्यांचं कण्हणं, हे सगळं क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये बसून तो ऐकत राहिला.