पहिल्या दहा सेंटीमीटरची गोष्ट

मी एक जुनी पोलादी पट्टी आहे. लांबी साठ सेंटीमीटर, असं माझ्या अंगावर तरी लिहिलंय. मित्रांनो, त्या लिहिण्यावर फार विसंबू नका. तेच तर सांगायचं आहे.

तीस वर्षं मी एका सुताराच्या हाताखाली राबले. माझ्याइतकी सरळ पट्टी गावात नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि याच भल्या माणसाने रंगाचे डबे उघडायला माझंच टोक वापरलं! टोक झिजलं, दोन मिलीमीटर गेले. तेव्हापासून तो शून्याऐवजी दहाच्या खुणेपासून मोजू लागला. हाताला सवय झाली आणि कुणाला सांगायचं राहून गेलं.

पुढे त्याचे गुडघे धरले आणि मी त्याच्या मुलीकडे आले. ती डिझाइन शिकते. शेवटच्या परीक्षेसाठी तिने बाबांनाच बसून रंधा मारता येईल असं स्टूल करायला घेतलं. नापास झाली तर वर्ष वाया जाणार होतं. चारला परीक्षा. तीन पाय तिने शून्यापासून मोजून कापले. मी आतल्या आत ओरडत होते, पण पट्टीला तोंड कुठलं? चौथा पाय बाबांनी आपल्या सवयीने मोजून कापून दिला.

दोन वाजता स्टूल उभं केलं, तर ते डुगडुगलं.

"बाबा, तुमचाच पाय मोठा झालाय!" तिचा आवाज चिरकला. तिने करवत उचलली.

"थांब. आधी मोज."

तिने शून्यापासून मोजलं. बाबांनी कापलेला पाय चाळीसपेक्षा दोन मिलीमीटर जास्त. मग बाबांनी मला हातात घेतलं आणि दहापासून मोजलं. त्यांचा बरोबर चाळीस, तिचे तिन्ही कमी. त्यांनी माझ्या टोकावर अंगठा फिरवला.

"चूक माझी गं. हे तुला सांगायला हवं होतं."

ती मटकन खाली बसली. "आता नवे तीन पाय कुठून आणू?"

"नवे कशाला? माझा काप. बसणाऱ्याला दोन मिलीमीटर कळत नाहीत, डुगडुगणं कळतं."

बरोबर असलेला पाय तिने कापला. मग तिने बाबांना बसवलं. स्टूल हललं नाही.

चार वाजता परीक्षक बाईंनी माप घेतलं. "चित्रात चाळीस, आणि इथे कमी. का?"

करवत घसरली म्हणून सुटता आलं असतं. तिने पिशवीतून मला काढलं, टोक दाखवलं आणि सगळं सांगितलं. कापलेली चकतीही टेबलावर ठेवली.

बाई चारही बाजूंनी त्या स्टुलावर बसून पाहत राहिल्या. माझं तर पोलाद गार पडलं. शेवटी म्हणाल्या, "सुंदर स्टुलं खूप पाहिली. स्टूल कसं होत गेलं, हे आज कळलं. पास."

घरी आल्यावर तिने माझ्या दहाच्या खुणेवर लाल रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'इथून मोज.'

मित्रांनो, माझ्यासारख्या पट्टीने डबे उघडू नका, एवढी विनंती. पण उघडलेच, आणि उद्या ते हत्यार लेकराच्या हातात दिलंत, तर त्याची खोटही सोबत द्या. त्या पोरीने मारलेली रेघ बाबा रोज पाहतात आणि मोजायला सुरुवात त्या रेघेवर बोट ठेवूनच करतात. दहापासून मोजायची सवय असूनही.