सतरा नंबरची बाहुली

"थांबा, थांबा! कुणी हात नका लावू. आधी मला बघू द्या," म्हणत दौलतराव ट्रंकेपाशी मांडी घालून बसले.

क्लबचे अध्यक्ष यशवर्धनजी हसत बाजूला झाले. भंवरकुआंजवळच्या क्लबच्या खोलीत ती ट्रंक आज सकाळीच आफ्रिकेतल्या मलावीहून परत आली होती. तिथल्या दुभंगलेल्या ओठांच्या मुलांची ऑपरेशनं करायला क्लब दर वर्षी इंदूरहून डॉक्टर आणि नर्स पाठवायचा. ट्रंक भरायचं आणि रिकामी करायचं काम दौलतरावांचं. म्हातारा दुसऱ्या कुणाला शिवू म्हणून द्यायचा नाही. कापड गिरणीच्या युनिफॉर्म खात्यात अठ्ठावीस वर्षं शिंपी होते ते. गिरणी कधीच बंद पडली, पण सवय कुठली सुटायला! एक माणूस, एक गणवेश, एक सही.

उरलेले गाऊन निघाले, हातमोजे निघाले. आणि तळाशी एक बाहुली निघाली.

दौलतरावांनी ती चटकन उचलली. आठ वर्षांत चेहरा काढलेली एकही बाहुली परत आली नव्हती.

या बाहुल्या तेच शिवायचे. जुनी इंदूर भागातल्या घरात बायको सुहासिनीबाई कापूस भरून द्यायच्या आणि हे मशीनवर बसायचे. चेहरा मुद्दाम कोरा ठेवायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुलानं तिचे नाकडोळे स्वतः काढायचे, दुसऱ्या दिवशी तिला कवटाळून आत जायचं. मुलाचा ओठ शिवून झाला की डॉक्टर बाहुलीच्या ओठालाही लाल दोऱ्याचा टाका घालायचे. मग ती त्या मुलाबरोबर कायमची घरी जायची.

हिच्या पायावर दौलतरावांच्याच हातचा आकडा होता, सतरा. निळ्या पेनानं काढलेले हे टपोरे डोळे, कानांत डूल. ओठही काढला होता, मधोमध तुटलेला. टाका नव्हता.

"अरे वा! क्या बात है!" यशवर्धनजी वाकून म्हणाले. "दौलतरावजी, ही रविवारच्या प्रोग्रामला शोकेसमध्ये ठेवू. एका मुलीनं दिलेली भेट! लोक एकदम इमोशनल होतील, सच्ची."

"भेट कसली? हिला टाका नाही."

"अब टाके का क्या है भिया, तुम्हीच घालून द्या ना एक!"

माणूस वाईट नव्हता हो, जीभ जरा सैल, एवढंच. फोन वाजला तसा तो बाहेर गेला.

टीमबरोबर गेलेली नर्स रुपाली कपाटात गाऊन लावत होती. ती मघापासून मागे वळून बघत नव्हती.

"रुपाली, पोर गेली का गं?"

"नाही हो काका! असं नका बोलू." ती वळली. "चांगली आहे ती. थोको नाव तिचं, सहा वर्षांची. आईबरोबर दोन दिवस चालत आली होती. पण सकाळी एकदम खांसी सुरू झाली, ताप पण. डॉक्टर म्हणाले, भूल नाही देता येणार. लास्ट डे होता, काका. संध्याकाळी आमची फ्लाइट."

"मग बाहुली का आणलीस?"

रुपालीनं ट्रंकेच्या उघड्या झाकणाकडे बघितलं.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवलेला होता. 'ज्याचं ऑपरेशन, त्यालाच बाहुली. बाकी परत आणणे.' खाली सही, दौलतरावांची. दोन वर्षांपूर्वी चार बाहुल्या कुण्या हॉटेलवाल्याच्या पोरांना वाटल्या गेल्या होत्या आणि त्यांचे हसरे फोटोही क्लबच्या अंकात आले होते. तेव्हा दौलतरावांनी सगळ्या क्लबला नुसतं फाडून खाल्लं होतं आणि हा कागद चिकटवला होता.

"तुमचा नियम होता ना," रुपाली हळूच म्हणाली. "त्या वेळेस किती बोललात तुम्ही सगळ्यांना! म्हणून मी मागितली. वाटलं, हट्ट करेल. रडली असती ना काका, तर माझ्यानं घेववलीच नसती. पण तिनं चुपचाप देऊन टाकली. दोन्ही हातांनी."

दौलतरावांनी बाहुली मांडीवर घेतली.

"पुढच्या वर्षी नेशील?"

"पुढच्या वर्षी झांबिया आहे, काका."

"मग पोस्टानं पाठवतो. पत्ता दे."

"पत्ताच तर नाही. मी तिथल्या हॉस्पिटलला दोनदा मेल टाकला. लिस्टमधून नाव कटलं की त्यांच्याकडे पण काही राहत नाही."

यशवर्धनजी परत आले तेव्हा दौलतराव बाहुली पिशवीत ठेवत होते.

"अरे, आणि शोकेस?"

"ती त्या पोरीची आहे," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज असा काही होता की यशवर्धनजींनी पुढे विचारलं नाही.

दर वर्षीप्रमाणे ट्रंक पुसायला रिक्षातून घरी आली. सुहासिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे टिपले.

"लावा हो एक टाका तिला. बरं वाटेल तुम्हाला."

दौलतरावांनी सुईत लाल दोरा ओवलाही. मग सुई तशीच सुयांच्या गादीला टोचून ठेवली.

"तिचा ओठ अजून तसाच आहे," ते म्हणाले. "मी कुणाला फसवू?"

बाहुली त्यांनी मशीनच्या फळीवर बसवली. मग ट्रंक उघडून नखानं तो कागद खरवडायला लागले. चांगला चारी बाजूंनी फेविकॉल थापून चिकटवला होता, कुणी काढू नये म्हणून. कागद बोटभर चिंध्या होऊन निघत होता. नखात रक्त आलं तरी हात थांबेना. शेवटी सही तेवढी उरली.

"अहो, भिजवा तरी जरा. आपोआप सुटेल," सुहासिनीबाई तांब्या घेऊन आल्या.

"राहू दे," दौलतराव म्हणाले. "सही राहू दे. नियम माझाच होता ना."