अट्रॅक्टाचा करंडक

त्या काळी आमच्या रॉसकॉमनकडच्या पबमध्ये बाईला काळी बिअर अर्ध्या ग्लासातच मिळायची. अख्खा ग्लास फक्त पुरुषांचा. हे कुठल्या कायद्यात होतं कोण जाणे, पण पाळायचे सगळेच.

मग एका शरदात आमच्या शेजारच्या अट्रॅक्टा फीनीच्या भावाची कंबर धरली आणि गावच्या नांगरट स्पर्धेत ट्रॅक्टर घेऊन तीच उतरली. नुसती उतरली नाही, जिंकली! चिखलाच्या बुटांनी थेट मॅलकी टॅन्सीच्या पबमध्ये शिरली आणि करंडक त्याच्यापुढे आदळला.

"भर!"

जिंकणाऱ्याचा करंडक काठोकाठ भरून द्यायचा, ही तिथली जुनी रीत. मॅलकीला घाम फुटला.

"अगं, पण तू बाई आहेस."

"आज कळलं होय तुला? शाळेत तीन वर्षं माझ्या शेजारी बसायचास ना रे!"

"बाईला अर्धंच. माझ्या बापाचा नियम आहे."

"आणि करंडक काठोकाठ भरायचा, हा कुणाच्या बापाचा?"

मॅलकीने भिंतीवरच्या बापाच्या फोटोकडे पाहिलं. "त्याच बापाचा."

पबमध्ये दोन तट पडले. शेवटी मॅलकीने जीव मुठीत धरून अर्धा करंडक भरला.

"हे माझं झालं," अट्रॅक्टा म्हणाली. "आता माझ्या बहिणीचं अर्धं यातच ओत."

"बहीण? ती तर बॉस्टनला असते!"

"मी पोचवते की. तू ओत."

स्वयंपाकघरातून मॅलकीची बायको फिलोमिना पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "अहो, ओता ना! बिचारी इतक्या लांब तहानलेली असेल."

हसून हसून लोक बाकांवरून घसरले. मॅलकीने ओतलं. अट्रॅक्टाने दोन्ही हातांनी करंडक उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! कडू जहर! ह्याच्यासाठी तुम्ही रोज संसार सोडून येता?"

पण करंडक सोडला मात्र नाही. थेंबन् थेंब संपवला आणि भिंतीला धरत, नाक वर करून घरी गेली.

पुढच्या शनिवारी गावातल्या सगळ्याच बायका पबमध्ये हजर! कुणाची बहीण लिव्हरपूलला, कुणाची ऑस्ट्रेलियात. एकुलत्या एक ब्रीज डोलनलासुद्धा रातोरात बहीण झाली होती. तासाभरात मॅलकी टेकीला आला आणि काही न विचारता अख्खे ग्लास भरू लागला.

बापाचा फोटो मात्र त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला.