अस्तरात शिवलेला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे. माझा एक कोपरा कापलेला आहे आणि पहिल्याच पानावर 'रद्द' असा शिक्का आहे. पण म्हणून मला बिचारा म्हणू नका हं! मी जे पाहिलं, ते कपाटात गप्प पडून राहिलेल्या धडधाकट पासपोर्टांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल.

मोठ्या छापखान्यात माझा जन्म झाला. निळं कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरं, आत कोरी करकरीत पानं. माझ्यावर फोटो लागला तो एका शिंपीणकाकीचा. काकी आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, दोघं मिळून शिवणाचं दुकान चालवतात. मास्तरांचा पासपोर्ट माझ्याच दिवशी घरी आला. आम्ही दिसायला अगदी जुळे भाऊ. आमचं खूप कौतुक झालं. काकींनी आम्हाला मऊ फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं, आणि मग चार वर्षं कुणी ढुंकून पाहिलं नाही. किती कंटाळलो होतो मी!

अखेर निघालो. मास्तरांचा धाकटा भाऊ बोटीवर आचारी होता. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तो भर समुद्रात होता, येऊ शकला नाही. रागाच्या भरात मास्तर फोनवर त्याला म्हणाले होते, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." धाकट्यानं ते मनावर घेतलं आणि सुट्टीतही घरी येणं टाकलं. माफी मागायची तर समोर उभं राहून, असं मास्तरांच्या मनानं घेतलं होतं. त्याची बोट एका परक्या बंदरात फक्त एक दिवस थांबणार होती. त्याला उतरायची परवानगी नव्हती, पण भेटायला येणाऱ्यांना तीन ते पाच या वेळात आत सोडणार होते. मग बोट वर्षभरासाठी दूर जाणार.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही त्या शहरात पोहोचलो. लॉजच्या खोलीत काकी आंघोळीला गेल्या आणि मास्तरांच्या डोक्यात किडा वळवळला. दोन्ही पासपोर्ट एकाच पर्समध्ये कशाला? त्यांनी पर्समधून आपला पासपोर्ट काढला, कोटाचं अस्तर थोडं उसवलं, पासपोर्ट आत सरकवला आणि बारीक तुरपाई घालून टाकली. मास्तरांची तुरपाई भिंग लावून शोधावी लागते, मित्रांनो! फक्त एक गंमत झाली. गिऱ्हाइकाकडे नुसतं बघून माप सांगणारा हा माणूस, पासपोर्ट कशाला उघडून बघतोय? त्यांनी वरचा उचलला. तो मी होतो.

तासाभरात ट्रामच्या थांब्यावर काकींच्या हातातली पर्स कुणीतरी हिसकावून नेली. काकी मटकन खाली बसल्या. मास्तर त्यांना धीर देत म्हणाले की माझा पासपोर्ट कोटात शाबूत आहे, फक्त तुझाच गेला. मी अस्तरात तडफडत होतो. अहो, तिचा इथे आहे, तुमच्या पाठीवर! पण कागदाला कंठ कुठून असणार?

पोलीस ठाण्यात काकींनी पिशवीतून झेरॉक्स काढली. लेकीनं निघताना दोघांच्याही प्रती बळेच पिशवीत कोंबल्या होत्या, ते बरं झालं. शिपायानं माझा नंबर मोठ्यानं वाचला आणि चोरीच्या वहीत लिहिला. चोरीला गेलेला मी हे सगळं तीन फुटांवरून ऐकत होतो!

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला आम्ही आपल्या वकिलातीत हजर झालो. खिडकीमागच्या चष्मेवाल्या कारकुनानं अर्ज, फोटो, पोलिसांचा कागद असं सगळं तपासलं, संगणकावर मला रद्द केलं आणि बारा वाजता काकींना घरी परतेपर्यंत चालेल असा तात्पुरता कागद दिला. बंदराच्या फाटकावरही तो चालणार होता. आता फक्त वहीत साक्षीदार म्हणून यजमानांची सही राहिली होती, आणि त्यासाठी त्यांचा पासपोर्ट दाखवायचा होता.

मास्तरांची छाती फुगली. त्यांनी बाकावर बसून कोट उलटा केला, खिशातल्या छोट्या कात्रीनं एकेक टाका उसवला आणि मला दिमाखात खिडकीत सरकवलं.

कारकुनानं मला उघडलं. फोटोकडे पाहिलं. मग मास्तरांकडे.

"हे तुम्ही का?" त्यानं विचारलं.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मी सापडलो होतो, पण एकदा बाद म्हणजे बाद, आता मला परत जिवंत करता येत नव्हतं. आणि मास्तरांकडे तर काहीच उरलं नव्हतं. घड्याळात सव्वाबारा झाले होते. कारकून काकींना म्हणाला की तुमचा कागद तयार आहे, सहीचं मी बघतो, तुम्ही तरी वेळेवर जा.

काकींनी मान हलवली. "तोंड दाखवू नकोस, असं हे बोलले होते. मी एकटी जाऊन काय सांगू?"

मग जी धावपळ झाली, काय सांगू तुम्हाला! मास्तर कोपऱ्यावरच्या यंत्रात फोटो काढायला पळाले. काकींनी पिशवीतून त्यांची झेरॉक्स काढली. कारकुनानं ठाण्यात फोन करून नंबर बदलून घेतला. पण नुसत्या झेरॉक्सवर त्याचे साहेब सही करेनात. तेव्हा कारकुनानं माझं शेवटचं पान उघडून साहेबांपुढे धरलं. तिथे पतीचं नाव छापलेलं होतं, खाली घरचा पत्ता. रद्द झालेला मी, आणि मीच मास्तरांची ओळख पटवली! साहेबांनी सही केली तेव्हा तीन वाजून गेले होते. मग नियमाप्रमाणे माझ्यावर 'रद्द'चा शिक्का मारला आणि माझा कोपरा कापला. कारकुनानं कात्री इतकी वाकडी चालवली की मास्तरांना बघवेना.

पर्स नव्हती, म्हणून मास्तरांनी मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. टॅक्सी, गर्दी, सिग्नल! फाटकावर पोहोचलो तेव्हा पाचला वीस कमी होते. पहारेकऱ्यानं दोन्ही कागद उलटसुलट पाहिले आणि दांडी वर केली.

धाकटा एप्रन घालूनच शिडीच्या पायथ्याशी उभा होता. त्याचे केस पिकले होते. मास्तर वाटभर घोकलेलं सगळं भाषण विसरले.

"चुकलं रे माझं," एवढंच ते म्हणाले.

धाकट्यानं त्यांना घट्ट मिठी मारली. मित्रांनो, त्या मिठीत मी मधोमध चेपला गेलो! दोन्ही भावांची छाती धडधडत होती आणि कुठली कुणाची ते मला कळेना. मग धाकट्याचा आवाज आला, "वहिनी, सकाळपासून जेवला नसाल ना तुम्ही दोघं?"

म्हणून सांगतो, आम्हाला जपा. पण कुठे ठेवलंय ते घरच्या माणसाला सांगा, आणि ठेवण्याआधी उघडून नाव वाचा. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत असू द्या. हरवलोच, तर रडत बसू नका, आधी पोलीस गाठा, मग वकिलात. आम्ही पुन्हा छापून मिळतो, बाळांनो. ती बोट मात्र पाच वाजता सुटलीच.