नळातला कापूस

छत्तीस सालची दिवाळीची सुट्टी लागली आणि प्रमोदिनीबाईंना घरात बसवेना. त्या अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवत आणि धाकट्या भावाकडे, उद्धव वकिलांकडे, राहत. त्या घरी वीज यायची होती, गल्लीत पहिलीच. खांब रस्त्यापलीकडे, आणि मधून सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे जाणाऱ्या, कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या. वरून ओढलेली तार एखादी गाडी तोडूनच नेईल, म्हणून ती जमिनीखालून, लोखंडी नळातून आणायचं ठरलं.

चर खणायला शेजारचे नत्थुजी आले. चार गाड्यांचे धनी, काळ्या मातीच्या खोडी जाणणारे. हातभर खोल चर बघून त्यांनी मान हलवली.

"बाई, हे माती उन्हाळ्यात फाटते. नळाचे सांधे निखळून जातात. खोल घ्या अन् खाली मुरूम टाका."

तसंच केलं. बाईंनी पदर खोचला आणि मुरमाच्या टोपल्या स्वतः वाहिल्या. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. बाईंना त्याचं भान नव्हतं.

चौथ्या दिवशी नळ बसले आणि त्याच दिवशी हंगामाची पहिली गाडी रस्त्यात उघड्या चरापाशी येऊन अडली. वकिलांनी घाईघाईने चर बुजवून धुम्मसाने ठोकून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तार घेऊन ओमप्रकाश मिस्त्री आला. तार ओढायची दोरी नळात कुठे आहे, असं त्याने विचारलं. ती घालायची कुणाला सुचलंच नव्हतं. त्याने लोखंडी सळई सारून पाहिली, ती वळणावर अडकली. पुन्हा खणा, म्हणाला. वकिलांचा चेहरा उतरला.

बाई खांबापाशी नळाच्या तोंडाजवळ बसल्या. भावाला त्यांनी ओसरीवरच्या टोकाशी हात धरायला सांगितला आणि इकडून जोरात फुंकर मारली. तळहाताला वारा लागला, असं तो ओरडून म्हणाला. तशा बाई उठल्या आणि जवळजवळ धावतच नत्थुजींच्या गोठ्यात गेल्या. चाकाला लोखंडी धाव तापवून चढवताना लागणारा भाता त्यांच्याकडे होता.

"भाता कावून पाह्यजे, बाई?"

"नळात वारा घालायचाय."

नत्थुजींनी भाता खांद्यावर घेतला. बाईंनी त्यांच्या गाडीतला मूठभर कापूस घेतला, हलका गोळा केला, त्याला दोरा बांधला आणि तो नळात सोडला. भात्याचं तोंड नळाला लावून भोवती ओलं फडकं आवळलं. नत्थुजी भाता चालवू लागले. दोरा हलेना. मग बोटांतून सरकला, दोन हात, दहा हात, आणि थांबला. नत्थुजींनी अंगातलं सगळं बळ लावलं, तसा दोरा सरसर धावू लागला.

ओसरीवरून वकिलांचा आवाज आला, "ताई, कापूस आला."

दोऱ्याला सुतळी बांधली, सुतळीला दोरखंड, दोरखंडाला तार. ओढायला सगळी गल्ली लागली. बघणाऱ्या बायकाही.

शुक्रवारी दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात, दिवा लागला. बाईंनी तो सात-आठ वेळा लावला, मालवला. नत्थुजी बराच वेळ वर बघत राहिले.

"खांबापासून माह्या घरालोक किती हात भरते?" त्यांनी विचारलं.

बाई चपला घालतच होत्या. "चला, मोजून घेऊ."