चक्री आत, मुलं बाहेर

घर आणि अंगण, आपला आणि परका, सभ्य आणि असभ्य यांच्यामध्ये जी एक रेषा असते, तिच्यावरच माणसाची सारी संस्कृती उभी आहे. मित्रांनो, ती रेषा म्हणजे मी. सध्या ही रेषा महोत्सव समितीच्या कोठीत मोडक्या खुर्चीखाली पडली आहे आणि तिच्या वेटोळ्यात एक उंदरीण बाळंत झाली आहे.

मी एक जुना दोर आहे. तागाचा, तिपेडी. ज्या म्हाताऱ्याने मला वळलं, तो पीळ देता देता म्हणायचा, "ताण आला की धरून राहायचं, बरं का." तेव्हापासून मी धरून आहे.

उमेदीची वर्षं शाळेत रस्सीखेचीत गेली. हरलेली मुलं मला शिव्या द्यायची, जिंकलेली गळ्यात घ्यायची. मग शाळेने मला महोत्सवाला उसना दिला. उसना दिलेला दोर परत आल्याचं तुम्ही कधी ऐकलंय?

त्या वर्षी समितीला मैदानावर बिअर विकायचा परवाना मिळाला होता. अट साधी होती. विकणं-पिणं दोराच्या आत, आणि अठराच्या खालचं कोणीही आत नको. मला अट पटली. कोपऱ्यातल्या चार खांबांना मला तिहेरी बांधलं. बाहेर मुलं बागडत होती, आणि मी ताठ.

दुसऱ्या वर्षी आतल्यांनी तक्रार केली, इथून गाणं दिसत नाही. समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे भाऊंनी, माझा एक फेर उलगडला आणि खांब लांब सरकवले. तिसऱ्या वर्षी मी पुरता उलगडलो. सकाळी चक्रीवाल्या मावशी आल्या, तर आदल्या दिवशी उभी केलेली त्यांची लाकडी घोड्यांची चक्री माझ्या आत होती. ती हाताने फिरवून मावशी घर चालवत.

"भाऊ, माझी चक्री आत आली."

"चक्री कुठे हलली, मावशी? दोर हलला."

"पण मुलांना आत बंदी ना?"

"म्हणजे काय, त्यात आम्ही फार कडक आहोत."

"मग घोड्यांवर बसणार कोण?"

"मोठी माणसं बसतील की. तीही कुणाची तरी लेकरंच."

मावशी मैदानावर तपासणीला आलेल्या परवाना अधिकाऱ्यांकडे गेल्या. साहेबांनी नकाशा उघडला.

"दोर आहे. चक्री इथे दिसत नाही."

"मान वर केलीत तर दिसेल, साहेब."

"नकाशात नाही, बाई."

मुलं माझ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. एका चिमुरडीने विचारलं, "बाबा, घोड्यांना का कोंडलंय?" बाबांनी तिला कडेवर घेतलं आणि आइस्क्रीम दाखवलं.

दुपारी तीन दांडगे बाप्ये एकाच घोड्यावर बसले. घोड्याचा पाय मोडला. साहेबांनी शेरा दिला की आत एकही बालक आढळलं नाही, व्यवस्था उत्तम. टाळ्या झाल्या.

पिणाऱ्यांशी माझं वैर नाही. पण मुलांना जपायला म्हणून मला बांधलं, आणि माझ्याच जोरावर मुलांना त्यांच्या मैदानातून हुसकलं. नियम पाळून हुसकलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला तर अजून कोणी जाळलंही नाही.

मावशींनी सुरी काढली आणि माझा हातभर तुकडा कापला.

"अहो, समितीचा दोर आहे तो."

"घोडाही समितीच्याच पाहुण्यांनी मोडलाय, भाऊ."

त्या तुकड्याने त्यांनी घोड्याचा पाय बांधला. मला दुखलं नाही. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच मी काहीतरी धरून ठेवलं होतं. भाऊंनी मात्र तेवढ्याच लांबीचा निळा नायलॉन मला जोडला. गुळगुळीत, बिनपिळाचा, हसतमुख.

यंदाचा अर्ज गेलाय. नकाशा तोच. मावशी रोज समितीच्या दारात येऊन बसतात, "दोर मागे घ्या, एवढंच."

मित्रांनो, मोठे व्हाल, परवाने द्याल किंवा नाकाराल. पण खांब रोवण्याआधी मान वर करून बघा, आत काय काय येतंय ते.

आणि कधी कोठीत आलात, तर उंदरिणीला उठवू नका. तेवढी ती निळी गाठ जरा सोडा. फार काचते.