पाच पेट्यांचं औषध

आमच्या टोंगात बापाच्या बहिणीला नाही म्हणता येत नाही. ती घरी आली आणि तुमची कोंबडी, तुमची चटई किंवा तुमचा नवा पंखा तिच्या मनात भरला, तर तो उचलून तिच्या गाडीत ठेवायचा आणि वर "अजून काही?" असं विचारायचं. लुपेआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझे तीन पंखे सध्या तिच्याकडे आहेत.

तर माझा भाऊ फेलेती याचं लग्न ठरलं, नीऊआ बेटावर, नवरीच्या गावी. सगळ्यांत वरच्या चटईवर नवऱ्याची आत्या बसल्याशिवाय आमच्यात कोणी त्याला लग्न म्हणत नाही. विमान आठवड्यातून एकदा, मंगळवारी. लग्न गुरुवारी. म्हणजे आत्या या विमानात बसायलाच हवी होती.

आत्याला मधुमेह. दिवसातून दोनदा सुई. इस्पितळातल्या नर्सनं इन्शुलिनच्या पाच बाटल्या, मूठभर सिरिंजा आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं की प्रवासात औषध आणि रुग्ण यांना वेगळं करू नये.

"थंड ठेवा," नर्स म्हणाली, "पण बर्फाला टेकवू नका. गोठलं की कामातून गेलं."

आत्यानं यातलं सोयीचं तेवढं ऐकलं. घरी लग्नाच्या पाच बर्फाच्या पेट्या भरून तयार होत्या. मेंढीचं मटण, कोंबडीच्या तंगड्या, सॉसेज, लोणी आणि नवरीला आवडतं म्हणून आईस्क्रीम.

"वजन जास्त झालं की विमानतळावरचा तो पौलियासी आधी पेट्या उतरवतो," आत्या म्हणाली. "औषधाची पेटी उतरवून दाखवू दे म्हणावं. प्रत्येक पेटीत एकेक बाटली टाक, कालो."

"आत्या, नर्स म्हणाली की..."

"नर्स तुझी आत्या आहे का?"

मी बाटल्या घेऊन पेट्यांकडे गेले.

विमानतळावर पौलियासी काट्याशेजारी वही घेऊन उभा होता. छोट्या विमानात सामानासारखी माणसंही तोलतात. अकरा प्रवासी एकेक करून काट्यावर चढलो. लग्न लावायला निघालेले पाद्री चढले तेव्हा पौलियासीनं आकडा मोठ्यानं वाचला नाही, त्यांचा मान राखला. आत्या कमरेला मानाची चटई, आमच्यात समारंभाला बांधतात ती, बांधून चढली आणि सगळा जास्तीचा भार चटईचा आहे म्हणाली.

पौलियासीनं बेरीज केली. "बारा किलो जास्त. एक पेटी राहील, आत्याबाई."

आत्यानं चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. "पाचही पेट्यांत माझं औषध आहे. वाच."

त्यानं वाचलं. मग चार पेट्या उघडल्या आणि चार बाटल्या बाहेर काढून टेबलावर ठेवल्या. पाचवीत हात घातला, खांद्यापर्यंत घातला. "हिच्यात नुसतं आईस्क्रीम आहे."

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मग ही राहील," पौलियासी म्हणाला. नेमकी बारा किलोची होती.

पोचवायला आलेले चाळीस नातेवाईक एकदम पुढे सरकले. आत्या पेटीवर हात ठेवून उभी राहिली. "लग्नाचं आईस्क्रीम लग्नाला निघालेलेच खातील. विमान हलकं करायचंय ना? खाऊन टाका रे."

आम्ही खाल्लं. चमचे नव्हते, डब्यांची झाकणं मोडून घेतली. पाद्रींनी आधी प्रार्थना केली आणि मग एकट्यानं एक डबा संपवला. आत्यानं जिभेलाही लावलं नाही, नुसती बघत राहिली. त्याचं मला वाईट वाटलं. पेटी रिकामी झाली तेव्हा तिचा चेहरा लढाई जिंकल्यासारखा होता.

पौलियासी शांतपणे म्हणाला, "आता पुन्हा काट्यावर चढा."

चढलो. बेरीज तीच आली.

"असं कसं?" आत्या म्हणाली. "आईस्क्रीम गेलं की."

"कुठं गेलं, आत्याबाई? पेटीतून पोटात गेलं. पोटं विमानातच बसणार आहेत."

पाद्री तोंड पुसत खिडकीबाहेर बघू लागले. पोचवायला आलेले नातेवाईक इतके हसले की एकजण पेटीवरच बसला.

हसता हसता पौलियासीनं टेबलावरची एक बाटली सहज उचलली आणि हलवली. हलली नाही. दुसरी उचलली. त्याचं हसू गेलं.

"हा बर्फ आहे. चारही बाटल्या. माझी आई हेच घेते. गोठलं की मेलं, वितळलं तरी उपयोग नाही." त्यानं चिठ्ठी आत्याच्या हातात परत दिली. "औषध आणि रुग्ण वेगळे करायचे नाहीत. औषध तर उरलंच नाही. तिकडे बेटावर तुम्हाला काही झालं तर पुढच्या मंगळवारपर्यंत विमान नाही. तुम्हाला मी नेऊ शकत नाही."

आत्या खुर्चीत बसली. "फेलेतीचं लग्न आहे रे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एवढासा झाला.

मी पिशवीत हात घातला. ओल्या रुमालात गुंडाळलेली पाचवी बाटली काढून टेबलावर ठेवली. शेजारी सिरिंजा ठेवल्या. पौलियासीनं बाटली हलवली. आतलं पाणी हललं.

"ही महिनाभर पुरेल," तो म्हणाला. "चढा."

बारा किलोंसाठी मटणाची पेटी खाली राहिली. चाळीस नातेवाईकांनी ती मोठ्या दुःखानं उचलून नेली.

विमानात आत्या माझ्याशी बोलली नाही. बुधवारीही नाही. सुई टोचायला दंड पुढे करायची आणि तोंड फिरवायची. बापाच्या बहिणीचं न ऐकणारी आमच्या घराण्यात मी पहिलीच.

गुरुवारी फेलेतीचं लग्न लागलं. आत्या सगळ्यांत वरच्या चटईवर बसली. तिच्यासमोर अख्खं भाजलेलं डुक्कर आणून ठेवलं. तिनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि मला बोलावलं. मी सुई दिली.

"माझं ऐकलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही ऐकलं."

"बाटली स्वतःच्या पिशवीत ठेवलीस."

"हो."

तिनं डुकराची कुरकुरीत कातडी मोडली आणि मोठा तुकडा मला दिला. "भावाच्या पोरीच्या पिशवीत जे असतं ते माझंच असतं. म्हणजे बाटली पहिल्यापासून माझ्याचकडे होती. तू ऐकलं नाहीस असं कोण म्हणतं?"

मला रडू आलं. तोंडात कातडी होती, त्यामुळे कोणाला कळलं नाही.

"पिशवी पण बरी आहे," आत्या म्हणाली.

मी पिशवी रिकामी केली, तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, "अजून काही?"